‘टॉकीज’ : बोलपट विसरला, पत्ता उरला

कोल्हापुरात नवख्या माणसाला मंगळवार पेठेतील पत्ता सांगायचा झाला, तर घराचा क्रमांक किंवा वॉर्डाचे अक्षर यांचा फारसा उपयोग होत नाही. मिरजकर तिकटी, खासबाग, खरी कॉर्नर, उमा टॉकीज अशी ओळखीची ठिकाणे सांगितली की माणूस बरोबर दारात येऊन उभा राहतो. या नावांपैकी ‘तिकटी’ हा अस्सल जुना मराठी शब्द. ‘खासबाग’ संस्थानी थाटाचा. ‘कॉर्नर’ इंग्रजी असला, तरी इंग्रजीत तो आजही रोजच्या वापरात आहे. ‘टॉकीज’ची गोष्ट मात्र निराळी आहे. ज्या भाषेतून हा शब्द आपल्याकडे आला, त्या भाषेने तो केव्हाच अडगळीत टाकला आहे.

‘मामा, उमा टाकीजला सोडा,’ असे रिक्षावाल्याला सांगताना आपण एखादा कालबाह्य शब्द उच्चारतो आहोत, असे कोणाच्या मनातही येत नाही. लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये आज ‘टॉकीज’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला १९३० च्या आसपासचे कृष्णधवल चित्रपट आठवतील. चित्रपट पाहण्याची जागा, हा अर्थ तर त्याला सांगूनही चटकन पटणार नाही, कारण मूळ इंग्रजीत ‘टॉकी’ म्हणजे चित्रपटगृह नव्हेच. टॉकी म्हणजे बोलणारा चित्रपट.

जन्म आणि अकाली वार्धक्य

हलत्या चित्रांना अमेरिकेतील लोकांनी लाडाने ‘मूव्ही’ म्हणायला सुरुवात केली, त्याच धर्तीवर बोलणाऱ्या चित्रांना ‘टॉकी’ म्हटले गेले. एडिसनने चित्र आणि आवाज यांची सांगड घालण्याचे प्रयोग १९१३ च्या सुमारास लोकांपुढे आणले, तेव्हाच हा शब्द वापरात येऊ लागला होता. पण त्याचा खरा बोलबाला झाला तो ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘द जाझ सिंगर’ प्रदर्शित झाल्यानंतर. त्या चित्रपटातही संवाद मोजकेच होते, बाकीचा बराचसा भाग मूकच होता. तरीही लोकांनी कान टवकारले ते कायमचेच. पुढील तीन-चार वर्षांत अमेरिका आणि युरोपातील मूकपटांचा व्यवसाय जवळपास आटोपला.

शब्दाचे दुर्दैव असे की, हा विजय त्याच्याच मुळावर आला. काही चित्रपट मुके आणि काही बोलके होते, तोवर ‘बोलका चित्रपट’ असे वेगळे सांगण्याची गरज होती. सगळेच बोलू लागल्यावर ती गरज संपली. इंग्रजी माणसाला ‘टॉकी’ या शब्दात ‘टॉक’ म्हणजे बोलणे स्पष्ट ऐकू येते. त्यामुळे रंगीत चित्रपटांच्या काळात हा शब्द त्याला ‘चालणारी मोटार’ म्हटल्यासारखा वाटू लागला असावा. ‘मूव्ही’ टिकला, ‘टॉकी’ मागे पडला. आज इंग्रजीत तो मुख्यतः सिनेमाच्या इतिहासात भेटतो, किंवा मग पोलिसांच्या कमरेला लटकलेल्या ‘वॉकीटॉकी’त.

कोल्हापुरात आवाज आला तो असा

आपल्याकडे पहिला बोलपट झळकला १४ मार्च १९३१ रोजी. अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा ‘आलम आरा’ मुंबईत गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. कोल्हापूर तोवर मूकपटांची मोठी पेठ बनले होते. बाबूराव पेंटर यांनी १९१७ मध्ये येथे महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली, स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि त्यावर ‘सैरंध्री’ हा १९२० मध्ये प्रदर्शित झालेला मूकपट चित्रित केला. खरी कॉर्नरजवळचा कॅमेऱ्याचा स्तंभ याच पर्वाची आठवण देतो. पुढे या कंपनीतून बाहेर पडलेल्या दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या भागीदारीत १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी उभी केली. तिचेही पहिले चित्रपट मूकच होते.

‘आलम आरा’नंतर वर्षही उलटत नाही तोच, फेब्रुवारी १९३२ मध्ये, ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला. मराठीतला पहिला बोलपट म्हणून तो ओळखला जातो आणि तो कोल्हापुरात तयार झाला, ही गोष्ट कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात. तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केला गेला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते, तर तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. टेंबे हे मूळचे याच जिल्ह्यातील, हार्मोनियमवादक आणि संगीतकार. नट गाणारा असणे त्या वेळी सोयीचेच नव्हे, तर आवश्यक होते. पार्श्वगायनाची पद्धत रुळायला अद्याप काही वर्षे होती. कॅमेऱ्यासमोर नट प्रत्यक्ष गात असे आणि वादकांना चौकटीबाहेर, पण ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात बसावे लागे. कॅमेऱ्याचा खडखडाटही ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो झाकून घ्यावा लागे. १९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला गेली, पण तोवर या शहराने बोलपट कसा घडतो ते जवळून पाहिले होते.

चित्रपटगृहांतही उलथापालथ झाली. मूकपटाच्या काळात पडद्याजवळ पेटी-तबला घेऊन वादक बसत. कोठे कोठे चित्र चालू असताना प्रसंग समजावून सांगणारा माणूसही असे. यंत्र बोलू लागल्यावर या मंडळींची गरज उरली नाही. गृहाच्या मालकाला मात्र मोठा खर्च आला. रिळाच्या कडेला छापलेला ध्वनी वाचणारे यंत्र, तो मोठा करणारे विवर्धक, पडद्यामागचे कर्णे आणि त्यांचा आवाज पुढे यावा म्हणून बारीक छिद्रे असलेला नवा पडदा, एवढे सगळे आणावे लागे. एवढा पैसा ओतल्यावर तो पाटीवर दिसायला नको काय? गृहाच्या नावापुढे ‘टॉकीज’ लावणे, ही सुरुवातीला अशी सरळसरळ जाहिरात होती. येथील चित्र बोलते, एवढाच तिचा अर्थ. आज पाटीवर ‘वातानुकूलित’ लिहितात, तसेच ते होते.

अशी जाहिरात पाट्यांवर राहिली की लोक ती नावाचा भाग समजू लागतात. चित्राचे विशेषण गृहाला चिकटले आणि कालांतराने ते गृहाचेच नाम झाले. हा बदल केवळ मराठीतला नाही. हिंदी पट्ट्यात, तसेच कन्नड, तमिळ, मल्याळममध्येही टॉकीज म्हणजे चित्रपटगृहच. भोपाळचा ‘भारत टॉकीज’ परिसर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. चित्रपटगृहाला यंत्राचे नाव चिकटणे जगात अन्यत्रही घडले आहे. डच भाषेत चित्रपटगृहाला आजही ‘बायोस्कोप’ म्हणतात आणि डचांच्या जुन्या वसाहतीत, इंडोनेशियातही, तोच शब्द रूढ आहे. आपल्याकडे बायोस्कोप जत्रेतल्या पेटीपुरता उरला, तेथे तो शहरभर मिरवतो आहे.

‘टोन’ बुडाले

त्याच काळात ‘टॉकीज’ला एक भावंड होते आणि ते कोल्हापूरच्या चांगल्या परिचयाचे होते. चित्रपटगृहे जशी टॉकीज झाली, तशा निर्मितिसंस्था ‘टोन’ झाल्या. रणजित मूव्हीटोन, वाडिया मूव्हीटोन, सोहराब मोदींची मिनर्व्हा मूव्हीटोन, ही नावे जुन्या श्रेयनामावल्यांत सापडतात. ‘मूव्हीटोन’ हे मुळात अमेरिकेतील एका ध्वनिमुद्रण पद्धतीचे नाव. कोल्हापूरने त्यातला ‘टोन’ घेतला आणि ‘सिनेटोन’ असा जोडशब्द पसंत केला. राजाश्रयाने येथे कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली. तिने १९३४ मध्ये ‘आकाशवाणी’ हा चित्रपट काढला. शालिनी सिनेटोनमध्ये बाबूराव पेंटर यांनी आपल्या १९२५ च्या गाजलेल्या ‘सावकारी पाश’ या मूकपटाची बोलकी आवृत्ती १९३६ मध्ये केली. एकच कथा, एकच दिग्दर्शक, आधी मुकी आणि मग बोलकी. या संक्रमणाचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आज ‘मूव्हीटोन’ आणि ‘सिनेटोन’ हे शब्द कोणाच्या बोलण्यात नाहीत. कंपन्या बंद पडल्या, शब्दही गेले. अपवाद एकच. रंकाळ्याजवळची जागा अजून ‘शालिनी सिनेटोन’ याच नावाने ओळखली जाते आणि तिच्या आरक्षणाविषयी वाद झाले तेव्हा बातम्यांतही तेच नाव छापून आले. कोल्हापूर सिनेटोनची मंगळवार पेठेतील वास्तू पुढे भालजी पेंढारकरांकडे आली आणि जयप्रभा स्टुडिओ झाली. तेथे ‘सिनेटोन’ पुसला गेला. या स्टुडिओच्या जागेच्या विक्रीवरून २०२२ मध्ये शहरात आंदोलन झाले, तेव्हा घोषणांत ‘जयप्रभा’ होते, ‘सिनेटोन’ नव्हते. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कंपनीला चिकटलेला शब्द कंपनीबरोबर जातो, जमिनीला चिकटलेला शब्द मात्र जमिनीबरोबर राहतो. ‘टॉकीज’ टिकला, त्याचे एक कारण हे.

मराठी शब्दच म्हातारा झाला

दुसरे कारण अधिक विचार करण्यासारखे आहे. मराठीने या नव्या कलेसाठी स्वतःचे शब्द घडवले. मूकपट, बोलपट, चित्रपट, दिग्दर्शक असे अनेक शब्द रूढ झाले. त्यांतील बऱ्याच शब्दांचे श्रेय सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीला दिले जाते. ‘बोलपट’ हा तर ‘टॉकी’चा नेमका आणि सुबक मराठी अवतार. ऐकताक्षणी अर्थ कळतो. एके काळी जाहिरातींत, परीक्षणांत, मासिकांत तो सर्रास असे.

आज ‘काल मी एक बोलपट पाहिला’ असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच, तर ते थट्टेने. ‘टॉकी’ इंग्रजीत ज्या रोगाने गेला, त्याच रोगाने ‘बोलपट’ मराठीत गेला. त्यातले ‘बोल’ आपल्याला ऐकू येते आणि सगळेच चित्रपट बोलतात तेव्हा ते फाजील वाटते. याउलट ‘टॉकीज’ उच्चारताना मराठी माणसाला ‘टॉक’ ऐकूच येत नाही. त्याच्या लेखी ते निव्वळ एक नाव आहे, ‘वाडा’ किंवा ‘तालीम’ यांसारखे. ज्याचा अर्थच जाणवत नाही, तो शब्द कालबाह्य तरी कसा होणार? भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांना रुचणार नाही, पण येथे पारदर्शक मराठी शब्द जुना झाला आणि अपारदर्शक परका शब्द तरुण राहिला. यात मराठी शब्दाचा कमीपणा मात्र मुळीच नाही. ‘चित्रपट’ हा तिच्याच घरचा शब्द आजही निर्वेधपणे नांदतो आहे, कारण त्याने बोलण्या-न-बोलण्याशी स्वतःला बांधून घेतले नव्हते.

व्याकरणानेही ‘टॉकीज’ला पुरते आपले करून घेतले आहे. इंग्रजीत ते अनेकवचन, शेवटचा ‘ज’ हा त्या अनेकवचनाचा प्रत्यय. मराठीत तो प्रत्यय शब्दाच्या पोटात गेला. एकटे गृह असले तरी ते टॉकीजच, ‘एक टॉकी’ कोणी म्हणत नाही. त्याला ‘टॉकीजला’, ‘टॉकीजमध्ये’, ‘टॉकीजवर’ असे प्रत्यय बिनतक्रार लागतात. लिंगाचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. मनात ‘थेटर’ किंवा ‘गृह’ असणारे ‘ते टॉकीज’ म्हणतात, तर कित्येकांच्या तोंडी ‘ती टॉकीज’ असते. लिहिताना ऑकार लावायचा की काना, यावरही पाट्यांचे एकमत नाही. बोलताना बहुतेकांचे ‘टाकीज’च होते.

अशीच इतर पाहुणेमंडळीही चित्रपटगृहाच्या आसऱ्याने राहिली आहेत. इंग्रजांनी ‘पिक्चर बघायला जाऊ’ म्हणणे कमी केले, आपण अजून पिक्चरच बघतो. ‘पिटातला प्रेक्षक’ या शब्दप्रयोगातला ‘पिट’ तर शेक्सपिअरच्या काळापासूनचा. नाटकगृहात रंगमंचापुढच्या खालच्या जागेला तो शब्द होता, आपल्याकडे तो शिट्ट्या मारणाऱ्या दर्दी प्रेक्षकाचा झाला. ‘हाऊसफुल्ल’ हा शेवटी जोर देऊन आपण आपलासा केलेला. कायदा तर याहून जुनाट. चित्रपटांविषयीचा १९५२ चा केंद्रीय कायदा ‘सिनेमॅटोग्राफ’ या नावाचा आहे. २०२३ मध्ये चोरट्या चित्रीकरणाला आळा घालण्यासाठी त्यात दुरुस्ती झाली, पण नाव तेच ठेवले गेले.

मांडवातले टॉकीज

शहराबाहेर या शब्दाचा संसार वेगळा होता. जत्रा-यात्रांच्या हंगामात ट्रकमधून तंबू, यंत्र आणि रिळांचे डबे घेऊन फिरणारी ‘टूरिंग टॉकीज’ पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांना चांगलीच ठाऊक. कर्ण्यावरून खेळाची पुकार व्हायची, बाया-माणसे खाली बसायची आणि उशिरापर्यंत खेळ चालायचे. येथे टॉकीजला पत्ता नव्हता. तंबू उठला की शब्दही उठून पुढच्या गावाला जायचा. रिळांचा जमाना संपून संगणकीय प्रक्षेपण आले, घरोघरी दूरचित्रवाणी आणि पुढे हातोहाती मोबाइल आला, तसा हा व्यवसाय आकसत गेला. २०१३ मध्ये ‘टुरिंग टॉकीज’ नावाचाच मराठी चित्रपट आला. महाराष्ट्रातील या फिरत्या सिनेमावरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि तेथे त्याची विशेष दखल घेतली गेली. तंबूवाल्यांच्या वाट्याला कौतुक आले ते असे, धंदा मोडीत निघाल्यावर.

पडदा काळा, पाटी उभी

कायम बांधणीच्या टॉकीजांचीही स्थिती काही वेगळी नाही. राज्यात २००१ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांना करमणूक करात सवलत देण्याचे धोरण आले आणि एकपडदा गृहांशी त्यांची स्पर्धा सुरू झाली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे सारीच गृहे बंद झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेने उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा मिटली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडली. आधीच तोट्यात असलेल्या अनेक एकपडदा गृहांना हा मार सोसवला नाही. बहुपडदा गृहाला ‘टॉकीज’ म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही. तेथे ‘स्क्रीन’ असते आणि तिला क्रमांक असतो.

गंमत अशी की, याच काळात शब्दाची पत मात्र वाढली. २००७ मध्ये मराठी चित्रपटांसाठी वाहिनी सुरू झाली, तिचे नाव ‘झी टॉकीज’ ठेवले गेले. भारतीय सिनेमाच्या शताब्दीनिमित्त २०१३ मध्ये निघालेल्या चित्रपटाला ‘बॉम्बे टॉकीज’ हे नाव दिले गेले. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला स्थापलेल्या कंपनीची ती आठवण. पूर्वी ‘टॉकीज’ म्हणजे नवे यंत्र होते, आता ‘टॉकीज’ म्हणजे जुन्या दिवसांचा सुगंध. जाहिरात तेव्हाही होती, आताही आहे.

राहता राहिला पत्त्यातला टॉकीज, आणि खरा चिवट तोच. पुण्यात गणेश विसर्जनाच्या मिरवणुका ज्या चौकात येतात, त्याचे अधिकृत नाव लोकमान्य टिळक चौक. लोकांच्या तोंडी तो अलका टॉकीज चौक. लोकमान्यांचे नाव देऊनही जे साधले नाही, ते एका चित्रपटगृहाने साधले. कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरने ‘टॉकीज’ गाळून नुसते चित्रपटगृहाचे नाव ठेवले, तर उमा टॉकीजने दोन्ही राखले. चौकाला थोरामोठ्यांचे नाव देण्याचा ठराव कागदावर होतो. पत्ता मात्र ठरावाने बदलत नाही, तो रिक्षावाला, पोस्टमन आणि नातेवाईक यांच्या संमतीने चालतो.

अडचण आहे ती या शब्दामागच्या नोंदींची. कोणत्या गृहाने ‘टॉकीज’ ही पाटी कोणत्या वर्षी लावली, हे समजले तर त्या गावात आवाज केव्हा पोहोचला ते कळू शकते, इतकी ही पाटी बोलकी आहे. त्याचा पुरावा जुनी हस्तपत्रके, तिकिटांची अर्धी तुकडी, वृत्तपत्रांतल्या खेळांच्या जाहिराती आणि परवान्यांच्या फायली यांत विखुरला आहे. इमारत पाडली जाते तेव्हा यंत्र आणि खुर्च्या भंगारात जातात आणि कागद त्यांच्याही आधी जातात. ज्या घरात टॉकीजचा व्यवसाय होता, त्यांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर ती रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. एकेका शहरात दुकानांच्या पाट्यांवर आता ‘जुन्या टॉकीजसमोर’ असे लिहिलेले दिसू लागले आहे.